जाताना पाहिलेली बाई

डोळे मिटा बरं जरा. सगळ्यांनी.

आता एक टेकडी डोळ्यांपुढे आणा. पिवळट चिकणमातीची. विटांसाठी माती उपसून उपसून तिच्या पोटात मोठाले खड्डे पडलेत. सगळ्यांत मोठ्या खड्ड्यात पाणी साचून तळं झालंय. आणि त्या तळ्याच्या काठावर उभं आहे एक देऊळ. पाच मजली उंच. जाडजूड खांब, शंभर पायऱ्या, दारात दोन दगडी बैल.

आता हळूच मागच्या बाजूला जा.

मागून ते पोकळ आहे. नुसत्या फळ्या, तट्टे आणि वरून थापलेलं प्लास्टर.

दिसलं? मग उघडा डोळे. कारण एवढंच तुम्ही मनानं पाहायचं होतं. यापुढचं घडलेलं आहे. ज्या मुलीच्या बाबतीत घडलं, तिनं ते म्हातारपणी आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. हातातलं विणकाम बाजूला ठेवून. सांगताना तिनं एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही.

जागा, व्हिएन्ना शहराच्या दक्षिणेची टेकडी. साल एकोणीसशे बावीस. ऑक्टोबरातला बुधवार. वेळ भर दुपारची.

भुतं फक्त रात्री येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसानं भूत पाहिलेलं नाही.

महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. शहरात काम नव्हतं, कोळसा नव्हता, कापड तर औषधालाही नव्हतं. अशात टेकडीवर एक सिनेमा कंपनी आली. तेव्हा सिनेमे मुके असायचे. हा सिनेमा दोन भागांचा होता. पहिल्या भागात बायबलमधला महापूर. माणसं पापी झाली, देवानं पाणी सोडलं, एक नोहाची नाव तेवढी तरली. दुसऱ्या भागात नुकतंच संपलेलं महायुद्ध. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की पाप तेच आहे आणि माणसंही तीच आहेत. म्हणून गर्दीसुद्धा तीच हवी. जी बाई पुरात हात वर करून ओरडेल, तीच पुढे स्टेशनावर उभी राहून लढाईवर निघालेल्या नवऱ्याला निरोप देईल.

टेकडीवरच्या बायकांना ते वेगळं शिकवावं लागणार नव्हतं. एकदा खरंखुरं करून झालं होतं.

आपली मुलगी म्हणजे रेझी. वय वर्षं नऊ. तिची आई, अमालिया विटासेक, कंपनीचं कपडेघर सांभाळायची.

त्या कपडेघराची रीत नीट समजून घ्या. सगळा घोळ त्या रीतीतच आहे.

गर्दीत काम करायला येणारी बाई आपले कपडे आणि बूट खुंटीवर ठेवायची. खुंटीला नंबर. त्याच नंबरचा पितळी बिल्ला गळ्यात घालायचा. मग कंपनीचा जाड सुती झगा आणि नाटकी चपला मिळायच्या. संध्याकाळी झगा परत केला की आपले कपडे परत. पण काही जण आपली लक्तरं खुंटीवरच सोडून झग्यासकट पसार व्हायचे. एका झग्यात दोन पोरांचे सदरे निघत ना! म्हणून नियम केला होता. ज्याचा झगा परत येणार नाही, त्याचं नाव फाटकावरच्या फळ्यावर लिहायचं. पुढे लिहायचं, चोर. आणि त्याच्या घरच्या कुणालाही पुन्हा आत घ्यायचं नाही.

म्हणजे भरलेली खुंटी दिसली की टेकडीवर सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट यायची.

दुसरी कुणाच्या मनात यायचीच नाही.

त्या बुधवारी सकाळी रांगेत ब्लाझेना कूबात होती. वीटभट्टीवर काम करणारी, मोठ्या आवाजाची, हसरी बाई. नवरा इटलीच्या आघाडीवर गेला तो गेलाच. घरी एक सासू. खुंटी मिळाली सहाशे चौदा.

"विटासेकबाई, हा झगा आहे की बटाट्याचं पोतं?"

"पोतंच आहे. आता बटाट्यासारखी गप्प राहा म्हणजे झालं."

रांग खदखदून हसली. ब्लाझेनानं बूट काढून रेझीच्या हातात दिले.

"सांभाळ गं बाई. नवरा सुट्टीवर आला तेव्हा आणले होते त्यानं. बूट त्याच्यापेक्षा टिकाऊ निघाले." मग वाकून तिच्या कानात म्हणाली, "आमच्या सासूबाई म्हणाल्या, पुरात बुडायला जातेयस खरी, पण घरी कोरडी ये. फरशी पुसलीय."

आणि ती गेली. देवळाच्या पायऱ्यांवर, हजारो माणसांत.

दुपारी पाणी सोडलं.

ठरल्यापेक्षा जास्त आलं. देवळाची डावी भिंत पडायची होती नंतर... ती आधीच पडली. माणसं एकमेकांच्या अंगावरून धावली. कॅमेरे फिरत राहिले. त्या दिवशीच्या किंकाळ्या दिग्दर्शकाला फार आवडल्या, म्हणे. सिनेमा मुका होता, तरीसुद्धा आवडल्या.

संध्याकाळी निळ्या ओठांची माणसं कपडेघरात शिरली. झगे फेकले, कपडे ओढले, पळाली. भराभर खुंट्या रिकाम्या झाल्या.

एक सोडून.

सहाशे चौदा. काळा घागरा. लोकरीची शाल. खाली बूट.

गर्दीचा मुकादम नाव्रातिल यादी घेऊन आला. माणूस दुष्ट नव्हता. पण वरून त्याला कुणी बोललं की तो खाली बोलायचा.

"एक झगा कमी, विटासेकबाई. गेल्या महिन्यात दोन गेले, हा तिसरा. चोर कोण ते सांगा. नाहीतर किल्ल्या उद्यापासून दुसरीकडे."

"चोर कोण म्हणजे? ही काय खुंटी! आपली चिंधी ठेवली आणि माझं जाड कापड नेलं."

"जाताना कुणी पाहिलं?"

आईनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला.

"कुणीच नाही? मग तुम्हीच विकला नाही कशावरून?"

रेझीनं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा असा झाला होता, की तो रेझीनं आधी एकदाच पाहिला होता. युद्धखात्याचं पत्र आलं त्या दिवशी.

"मी पाहिलं," रेझी म्हणाली.

"काय पाहिलंस?"

"ब्लाझेनामावशी गेली. मागच्या वाटेनं. काखेत बोचकं होतं."

"अनवाणी?"

"नाटकातल्या चपला होत्या."

तिघांनी खालच्या बुटांकडे पाहिलं. चांगले, शिवून घेतलेले, टाचेला नवी नाल मारलेले बूट. कुठली बाई असे बूट टाकून जाईल?

तिघांनी नजर दुसरीकडे वळवली.

नाव्रातिलनं फळ्यावर नाव लिहिलं. आणि तळ्यात कुणी शोधलं नाही. जी बाई चालत निघून गेली, तिला पाण्यात कोण शोधणार?

मुलांनो, रेझीला काहीच माहीत नव्हतं, हे लक्षात ठेवा. तिनं काही वाईट पाहून लपवलं नव्हतं. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. तुम्ही तिच्या जागी असता तर? घाईनं उत्तर देऊ नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर एक म्हातारी आली. ब्लाझेनाची सासू, लुडमिला. तिनं फळा वाचला. मग बाहीनं सुनेचं नाव पुसलं. नीट, ताट पुसावं तसं. नाव्रातिलनं पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पुसलं.

चौथ्या दिवशी तिनं रेझीला गाठलं.

"तूच पाहिलंस ना पोरी तिला?"

"हो, आजी."

"कुठल्या बाजूला गेली?"

"स्टेशनाच्या."

"म्हणजे ब्रनोला गेली असेल, बहिणीकडे. भांडण झालं होतं आमचं, कोबीच्या सूपावरून. एवढंसं. आणि मागे वळून नाही पाहिलं?"

म्हातारीनं रेझीची बाही धरली होती. रेझीला वाटलं, काहीतरी छान सांगावं.

"पाहिलं ना. टेकडीच्या कडेला थांबली. वळली. डावा हात वर केला. असा..."

रेझीनं डावा हात डोक्यापर्यंत नेला आणि बोटं दोनदा मिटली.

म्हातारी हसली. खरंच हसली. "हात केला म्हणजे राग नाही. पत्र येईल."

त्यानंतर ती रोज यायची. नाव पुसायची आणि रेझीला तेच पुन्हा विचारायची. रेझी तेच पुन्हा सांगायची. कुठे काही चुकलं तर म्हातारीच दुरुस्त करायची. "डावा गं, डावा हात."

एकदा म्हणाली, "जेवताना तिचंही ताट मांडते मी. मेलेल्याचं मांडत नाहीत. पण ती तर चालत गेली. तू पाहिलंस म्हणून बरं, नाहीतर मी काय काय मनात आणलं असतं."

त्या रात्री रेझीला जेवण गेलं नाही.

मग ते सुरू झालं.

आधी खुंटी. आईनं सहाशे चौदावर एक कोरडा झगा टांगला. सकाळी तो ओला होता. नुसता दमट नाही... पिळला तर पाणी गळेल असा. वर छप्पर ठीक. शेजारचे झगे कोरडे. आईनं दुसरा टांगला. तोही ओला. तिसऱ्यांदा आईनं ती खुंटीच रिकामी ठेवली आणि कुणाला काही बोलली नाही.

मग बूट. रेझीचे फाटले होते, म्हणून आईनं ब्लाझेनाचे बूट पुढे कागदाचे बोळे कोंबून तिला घातले.

"चोरट्या बाईचे आहेत. घाल. वाया का घालवायचे?"

रोज संध्याकाळी रेझी बोळे काढायची.

रोज ते भिजलेले असायचे.

बर्फ नव्हतं, पाऊस नव्हता. मोजे कोरडे. फक्त बोटांच्या पुढची जागा, जिथे रेझीचा पाय पोचत नव्हता... तेवढीच ओली.

एक दिवस तिनं बूट काढले आणि परत खुंटीखाली ठेवले. आईनं विचारलं, "का गं?" रेझी म्हणाली, "चावतात." आणि जुन्या फाटक्या बुटांत फिरली.

डिसेंबरात सिनेमाच्या युद्धाच्या भागातला स्टेशनचा देखावा घेतला. सहाशे चौदा नंबर कुणाला दिलाच नव्हता. रेझी दिवसभर कॅमेऱ्याजवळ उभी होती. तिनं ती गर्दी स्वतः पाहिली. रोजच्या कपड्यांतल्या बायका, टोप्या, रुमाल, एक उभी आगगाडी. बाकी कुणी नाही.

हे विसरू नका.

मार्चमध्ये सिनेमा जोडून तयार झाला. शहरात दाखवण्याआधी काम केलेल्या लोकांना दाखवायचा, अशी कंपनीची पद्धत. शनिवारी दुपारी, टेकडीवरच्या लाकडी शेडमध्ये. खिडक्यांना काळं कापड, कोपऱ्यात पियानो. लोकांनी गोड पाव आणले होते. स्वतःला पडद्यावर ओळखून आरडाओरडा चालला होता.

"अगं ती बघ मी! बुडतेय बघ कशी!"

"बुडताना तरी पोट आत घ्यायचं होतंस!"

पूर ओसरला. युद्ध सुरू झालं. स्टेशन आलं.

बायका रुमाल हलवत होत्या. सगळ्याच.

एक सोडून.

ती गर्दीच्या मागे, खांबाजवळ उभी होती. पाठमोरी. अंगात झगा. पुरातला झगा. अंगाला चिकटलेला.

"ए, ती बघा!" कुणीतरी ओरडलं. "बायबलातली बाई आगगाडी पकडायला आलीय!"

शेड हसून हसून लोटपोट झाली. रेझीच्या शेजारी आई मात्र हसली नाही. तिनं रेझीचं मनगट धरलं होतं.

देखावा बदलला. हसू ओसरलं.

नाव्रातिल चिडून मशीनच्या खोलीत गेला. ती पट्टी काढा म्हणाला, चूक राहिलीय. मशीनवाल्यानं फिल्म उजेडासमोर धरली. एक-एक चौकोन पाहिला. दोघांनी मिळून पाहिला.

खांब होता. रुमाल होते.

बाई नव्हती.

"नीट पाहा."

"मुकादमसाहेब, तुम्हीच पाहा की. डोळे तुम्हालाही आहेत."

तरी तेवढा तुकडा कापून टाकला.

पुढच्या शनिवारी दिग्दर्शकाच्या हुकमावरून सिनेमा पुन्हा दाखवायचा होता. रेझी जायला तयार नव्हती. आई म्हणाली, "आपण गेलो नाही तर लोक काय म्हणतील?" आईला ती भीती जास्त मोठी वाटत होती.

पूर आला. पूर गेला.

स्टेशन आलं. कापलेला तुकडा सोडून, त्याच्या पुढचं.

ती होतीच. आता गर्दीच्या मधोमध. आजूबाजूच्या बायका रुमाल हलवत होत्या, जणू त्यांच्यामध्ये कुणी नाहीच.

या वेळी कुणी हसलं नाही.

ती चालू लागली. पाठमोरी, आगगाडीकडे. पायांत नाटकी चपला.

काखेत बोचकं होतं.



ती फलाटाच्या कडेला गेली. थांबली. आणि हळू... फार हळू... वळली.

चेहरा दिसला. चिखलानं भरलेला. शेडमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं, "देवा... ही तर ब्लाझेना."

तिनं डावा हात वर केला. डोक्यापर्यंत.

बोटं मिटली. एकदा. दोनदा.

पियानो थांबला. वाजवणारा उठून उभा राहिला होता. आता शेडमध्ये कसलाच आवाज असायला नको होता.

पण आवाज होता.

टप्... टप्... टप्...

पडद्याच्या मागून.

ब्लाझेनाचा हात खाली आला. आणि ती उभी राहिली. नुसती. गर्दीत काम करणारी माणसं सांगितलेलं संपलं की कॅमेऱ्याकडे बघत उभी राहतात ना, आता पुढे काय करू म्हणून... तशी.

रेझीनं जे जे सांगितलं होतं, ते ते तिनं करून दाखवलं होतं. बोचकं. वाट. वळणं. हात.

आता ती वाट पाहत होती.

ती सगळ्या शेडकडे पाहत नव्हती. तिसऱ्या बाकावर, आईच्या शेजारी, जिथे एक लहान मुलगी बसली होती, तिथेच तिची नजर होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. रेझी म्हातारपणी म्हणाली, राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त विचारत होती.

सांग ना. मी पुढे कुठे जाऊ?

पुढचं काही रेझीनं रचलेलंच नव्हतं.

इथे मी जरा थांबतो, आणि तुम्ही जे विचारणार ते आधीच सांगून टाकतो. हो, नंतर तळं उपसलं. हो, ती तिथेच होती, देवळाच्या डाव्या भिंतीखाली. गळ्यात बिल्ला, अंगात झगा. फळ्यावरचं तिचं नाव नाव्रातिलनं स्वतः पुसलं, टोपी काढून. म्हणजे ऑक्टोबरापासून ती तिथून हललीच नव्हती. मग डिसेंबरातल्या स्टेशनावर कोण होतं? उजेडात धरली की कोरी, आणि पडद्यावर पडली की भरलेली, अशी फिल्म कुणी पाहिली आहे? मी पुष्कळ जणांना विचारलं. शहाण्या माणसांनी शहाणी उत्तरं दिली. अजूनही अंधाऱ्या थिएटरात गर्दीचा देखावा आला की मी मागच्या रांगांतली माणसं मोजू लागतो. न हलणारं कुणी आहे का, पाहतो.

तर ते राहू द्या. त्या दुपारी रेझीनं काय केलं, ते ऐका.

पडद्यावर ती अजून उभी होती. रेझीनं आईच्या हातातून मनगट सोडवलं. आई दबल्या आवाजात म्हणाली, "बस. रेझी, बस खाली. माझी शपथ आहे तुला." आईला सगळं कळलं होतं, हे तिच्या आवाजावरून रेझीला कळलं. कदाचित पहिल्याच दिवशी कळलं होतं.

रेझी बाकांमधून वाट काढत दाराशी गेली आणि बाहेर पडली.

बाहेर लख्ख ऊन होतं. फाटकाच्या बाहेर लुडमिला उभी होती. तिला आत सोडत नव्हते. बाही खडूनं पांढरी झाली होती.

"संपला का गं सिनेमा? आमची दिसली असेल ना, पुरात? कशी दिसते?"

"आजी, मी तिला जाताना पाहिलं नाही."

"अगं, तेव्हाचं नाही विचारत मी. आत्ता, सिनेमात..."

"त्या दिवशी. मी त्या दिवशी काहीच पाहिलं नाही. बोचकं नव्हतं. ती वळली नाही. हात मी बनवला."

म्हातारीच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते काढायचं कसं, हे जणू तिला सुचत नव्हतं.

"नीट आठव, पोरी. लहान आहेस. विसरली असशील."

रेझीला अजूनही परत फिरता आलं असतं. हो म्हणता आलं असतं. म्हातारी त्यासाठीच थांबली होती.

"नीट आठवतंय, आजी. आईची नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोलले. तिला कुणी शोधलं नाही, ते माझ्यामुळे."

म्हातारीनं रेझीला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिची नजर फाटकावरून, शेडवरून सरकत सरकत खाली गेली... जिथे प्लास्टरची पडकी भिंत अजून पाण्यात अर्धी बुडालेली होती.

मागे शेडचं दार उघडलं. आई हाक मारत होती. नाव्रातिल शिट्टी वाजवत होता.

रेझीनं मागे पाहिलं नाही. तिनं फाटकाचा अडसर दोन्ही हातांनी वर उचलला, म्हातारीला आत घेतलं, आणि तिच्या पुढे होऊन तळ्याकडची उतरण उतरू लागली.